गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघ आणि अँटिबायोटिक्स: मोहीम काय सांगते, आपण काय करावे?

सर्दी-खोकल्याचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बऱ्याचदा तपासण्याआधीच मागणी होते: "डॉक्टर, जरा पॉवरफुल गोळी द्या, उद्या कामावर जायचंय." काही जण तर मेडिकलमधून दोन दिवसांच्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घेऊन मगच येतात. ही सवय बदलावी म्हणून अनेक देशांत जनजागृती मोहिमा चालवल्या जातात. भारतातील लाल रेघेची मोहीम त्यांपैकीच एक.

अनावश्यक अँटिबायोटिकने काय बिघडते?

अँटिबायोटिक्स म्हणजे प्रतिजैविके. ती जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार आहेत. घसादुखी आणि जुलाबसुद्धा बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होतात. अशा वेळी घेतलेली गोळी आजार कमी करत नाही. उलट जुलाब, पुरळ, अ‍ॅलर्जी असे त्रास होऊ शकतात.

शिवाय, प्रत्येक वेळी आपल्या आतड्यातले आणि त्वचेवरचे साधे जिवाणू मरतात, पण औषधाला दाद न देणारे टिकतात आणि वाढतात. ते घरातल्या इतरांपर्यंतही पोहोचतात. पुढे खरोखर न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग झाला, तर नेहमीचे औषध लागू पडेलच असे नाही. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे.

लाल रेघेचा अर्थ

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये ही मोहीम सुरू केली. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. मात्र दोन गैरसमज टाळा:

- लाल रेघ असलेले प्रत्येक औषध अँटिबायोटिक नसते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांवरही ती असते. रेघ पाहून नेहमीची औषधे बंद करू नका.
- पाकीट कापून दिलेल्या चार गोळ्यांवर रेघ दिसेलच असे नाही. रेघ दिसली नाही म्हणून ते औषध चिठ्ठीशिवाय घेण्याजोगे ठरत नाही.

काही महत्त्वाची अँटिबायोटिक्स 2014 पासून 'शेड्यूल एच 1' या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नावांची नोंद ठेवावी लागते.

मोहिमांनी फरक पडतो का?

पडतो, पण नुसत्या पोस्टरने नाही. फ्रान्समध्ये 2002 साली 'अँटिबायोटिक आपोआप द्यायचे औषध नव्हे' अशा अर्थाची घोषणा घेऊन मोहीम सुरू झाली. पुढच्या पाच वर्षांत हिवाळ्यातील अँटिबायोटिक्सचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. तिथे लोकांसोबत डॉक्टरांनाही सामील करून घेतले होते आणि घशाचा संसर्ग जिवाणूंचा आहे का, हे दवाखान्यातच पाहण्याची झटपट चाचणी त्यांना उपलब्ध करून दिली होती. केरळनेही 2024 मध्ये 'ऑपरेशन अमृत'द्वारे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांची तपासणी सुरू केली.

आम्हा डॉक्टरांचीही जबाबदारी इथे येते. रुग्ण नाराज होईल, दुसरीकडे जाईल, या भीतीने अनावश्यक अँटिबायोटिक लिहिले जाते, हे मान्य करायला हवे. तुम्ही आग्रह धरला नाहीत, तर आम्हालाही 'याची गरज नाही' असे सांगणे सोपे जाते.

तुम्ही काय करू शकता?

- डॉक्टरांना विचारा: "हा आजार जिवाणूंचा आहे का? अँटिबायोटिक न घेता दोन दिवस थांबता येईल का?"
- कफ पिवळा किंवा हिरवा झाला, एवढ्यावरून अँटिबायोटिक लागते असे नाही. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडेही राहू शकतो.
- डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले तर सांगितलेल्या वेळी, सांगितलेले दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मनानेच बंद करू नका.
- जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध पुन्हा आणू नका. उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका, शेजाऱ्यांनाही देऊ नका.

वाट पाहू नका

अँटिबायोटिक टाळणे म्हणजे डॉक्टरांकडे जाणे टाळणे नव्हे. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर तपासून घ्या. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे, कफातून रक्त पडणे, किंवा लहान मूल भरभर श्वास घेत असेल, दूध-पाणी घेत नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गर्भवती, वृद्ध आणि मधुमेह असलेल्यांनी लवकर सल्ला घ्यावा. जिवाणूंचा संसर्ग असेल तेव्हा वेळेवर दिलेले अँटिबायोटिक जीव वाचवते. ते तेव्हा लागू पडावे, म्हणूनच आज साध्या सर्दीसाठी ते वापरायचे नाही.