टॅपेट कव्हर आणि चिताऱ्याची लाख

मालवणकडच्या घरापुढल्या खळ्यात उन्हाळ्याच्या दिवसांत आमसुले वाळत असतात, सांडगे वाळत असतात. गेल्या मे महिन्यात मात्र आमच्या खळ्यात, तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, जुन्या अँबॅसिडर मोटारीच्या इंजिनाचे झाकण वर्तमानपत्रावर पालथे पडले होते. गॅरेजात याला टॅपेट कव्हर म्हणतात. माझा पुतण्या ते रंगवायला बसला होता आणि त्याला ते तांबडे करायचे होते. कारण विचारले, तेव्हा त्याने फेरारीचे नाव घेतले. फेरारीने १९५६ व १९५७ साली शर्यतीसाठी ज्या गाड्या काढल्या, त्यांच्या इंजिनांवरची झाकणे तांबडी रंगवलेली होती. त्यावरून त्या गाड्यांना 'तेस्ता रोसा', म्हणजे तांबडे डोके, हे नाव मिळाले. आता खळ्यातल्या अँबॅसिडरलाही तसेच डोके हवे होते.

शेजारचे तात्या गडग्यापलीकडून हे पाहत होते. त्यांचा सारा जन्म होड्या रंगवण्यात गेलेला. ते म्हणाले, "अरे बाबू, रंग मगे. आधी तेचा त्याल काढ, गंज काढ. खारो वारो रंगाक इचारणा नाय."

त्या एका वाक्याने माझे मन त्या झाकणावरून उठले ते थेट सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन पोहोचले. धातूच्या झाकणाचा आणि लाकडी फळांच्या व खेळण्यांच्या गावाचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. तो संबंध शोधता शोधता जे हाती लागले, तेच येथे मांडतो.

चिताऱ्यांचा हुन्नर आपल्याकडे बहुतेकांनी निदान लांबून पाहिलेला असतो. चरकावर लाकडाचा तुकडा गरगर फिरत असतो आणि कारागीर रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. लाख सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळू लागते. विस्तव नाही, तेल नाही, पाणी नाही. नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने ती पाघळते आणि लाकडावर सारखी पसरते. मग केवड्याचे पान दाबून धरले की तिच्यावर आरशासारखी झिलई येते. येथे रंग पातळ करून ब्रशाने लावलेला नाही. कोरडा, घट्ट रंग उष्णतेने वितळवून जागच्या जागी बसवलेला आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

लाख हा झाडाचा चीक नव्हे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या डहाळ्यांवर बसणारे बारीक किडे ती तयार करतात. संस्कृतातील 'लाक्षा' हा शब्द देशोदेशी फिरला. पोर्तुगिजांनी त्याचा 'लाक्रे' केला आणि इंग्रजीतला 'लॅकर' त्याच कुळातला. सतराव्या शतकात चीन-जपानकडील चकचकीत काळ्या पेट्या युरोपात जाऊ लागल्या, तेव्हा तिकडच्या कारागिरांना त्यांची भुरळ पडली. त्या पेट्यांवरचा लेप एका वेगळ्याच झाडाच्या चिकाचा. तो युरोपात मिळेना. म्हणून त्यांनी हिंदुस्थानातून येणारी लाख मद्यार्कात विरघळवून नक्कल सुरू केली. १६८८ साली स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी या कामावर इंग्रजीत एक मोठा ग्रंथच छापला. या विद्येला त्यांनी नाव दिले 'जपानिंग'. माल हिंदुस्थानचा आणि नाव जपानचे!

पुढे वेल्समधील पाँटिपूल या गावी हीच चकाकी लोखंडी पत्र्यावर आणण्याचा उद्योग झाला. पत्र्याला लाख चालेना. म्हणून जवसाचे तेल आणि डांबरासारखे द्रव्य यांचा लेप देऊन तो पत्रा भट्टीत भाजू लागले. हे भाजलेले काळे रोगण पुढे शिवणयंत्रांवर आले आणि तेथून मोटारीवर. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघत. त्यांवरचे डांबरी काळे रोगण भट्टीत भाजून लवकर पक्के होई. ब्रशाने रंगवलेल्या गाड्या वाळायला त्याआधी आठवडेच्या आठवडे लागत. रंग सुकवायचा नाही, भाजायचा, ही कल्पना मोटारीच्या कारखान्यात अशी रुजली.

आता १९५३ सालाकडे वळू. एर्विन गेमर या जर्मन संशोधकाने पातळ द्रव्य अजिबात न वापरता कोरडी पूडच तापलेल्या धातूवर वितळवून बसवण्याची रीत काढली. खालून हवा सोडून तरंगत ठेवलेल्या पुडीत तापलेली वस्तू बुडवायची, की पूड तिला चिकटून वितळे. पुढे १९६०नंतरच्या दशकात पुडीला विजेचा भार देऊन ती जमिनीशी जोडलेल्या धातूवर फवारण्याची रीत आली. यालाच आज पावडर कोटिंग म्हणतात. फवारलेली वस्तू भट्टीत ठेवून धातूचे तापमान सुमारे १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटे टिकवले, की पूड वितळून पसरते आणि तिचे कण एकमेकांना कायमचे बांधले जातात. त्यात उडून जाणारे द्रव्य जवळजवळ नसते.

चरकावरची लाखेची कांडी आणि ही पूड यांत तत्त्व एकच: कोरडा रंग, उष्णता, आणि वितळून धरलेली पकड. फरकही सांगायला हवा. लाख पुन्हा तापवली तर पुन्हा मऊ होते. पावडर एकदा पक्की झाली की मऊ होत नाही. म्हणून सावंतवाडीची लाख अँबॅसिडरच्या इंजिनावर टिकायची नाही. ते झाकण तापले की ती पाघळेल. गेमरने चिताऱ्यांकडून काही घेतले, असेही मला म्हणायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, जी गोष्ट प्रयोगशाळेत नवी ठरली, तिचे मूळ तत्त्व आपल्या चितारआळीत पूर्वीपासून रोज चरकावर फिरत होते.

पुतण्याने झाकण घरीच भाजायचे ठरवले. स्वयंपाकघरातून कायमचा बाद केलेला विजेचा ओव्हन त्याने पडवीत मांडला आणि त्यात पुन्हा कधी पाव भाजायचा नाही, अशी शपथ घरच्यांना दिली. कॉर्कचे पॅकिंग, रबरी वायसर, तेलाचे बूच, सारे आधी उतरवले. रबर भट्टीत टिकत नाही. मग तेल धुऊन काढले. जुना रंग व गंज पॉलिशपेपरने घासला. अँबॅसिडरचे हे झाकण दाबलेल्या लोखंडी पत्र्याचे. ते ॲल्युमिनियमचे असते तर कॉस्टिक सोडा वर्ज्य, कारण तो रंगाबरोबर धातूही खातो. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते, ते आधी तापवून बाहेर काढावे लागते. नाहीतर भाजताना रंगाला फोड येतात.

घासलेले झाकण पुतण्याने रात्रभर पडवीत ठेवले. सकाळी त्यावर तांबूस साय आलेली होती. मालवणच्या हवेत उघडे लोखंड एक रात्रही नवे राहत नाही. तात्या काही बोलले नाहीत, नुसते हसले. पुतण्याने पुन्हा घासले आणि त्याच दिवशी पूड चढवून भाजले. या वेळी रंग बसला.

चितारीही हेच सांगतो. ओल्या लाकडावर लाख चढवली तर लाकूड आकसते आणि लाखेला तडे जातात, म्हणून आधी लाकूड वाळवायचे. गंजिफाच्या पत्त्यांनाही आधी चिंचोक्याच्या खळीने ताठ करायचे, मग रंग, मग लाख. पाहणाऱ्याला वरचा तांबडा रंग दिसतो. कारागिराचा बहुतेक वेळ त्याच्या खालीच खर्च झालेला असतो.

या खालच्या कामाची विद्या हरवायला वेळ लागत नाही, हेही सावंतवाडीनेच दाखवले. गंजिफा करणारे हात विसाव्या शतकाच्या मध्यास इतके थोडे उरले होते की, पुढे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तो हुन्नर सावरला. तसे कोणी केले नसते, तर पत्ते संग्रहालयात राहिले असते. ते कसे करायचे हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. चिताऱ्याला आपण आता कलावंत म्हणतो, हे योग्यच. पण होडी रंगवणाऱ्या तात्यांचे किंवा पडवीत झाकण भाजणाऱ्या पोराचे ज्ञान कोणी टिपून ठेवत नाही. ते 'गॅरेजकाम' ठरते. एकाच कुळातल्या या विद्या. एकीला राजवाडा मिळाला, दुसरीला गडग्यापलीकडून सांगणारा एक म्हातारा. तो गेला की पुढच्या पोराला दोन रात्री जास्त घासावे लागेल.

झाकण चढवायच्या दिवशी जुने मिस्त्री आले. कॉर्कचे नवे पॅकिंग बसवण्याआधी त्यांनी पिशवीतून तपकिरी द्रवाची एक डबी काढली आणि बोटाने कडेला पुसट लेप दिला. विचारले, तर म्हणाले, "शेलॅक." म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली लाखच! तेलात आणि पेट्रोलात ती विरघळत नाही, म्हणून जुने मिस्त्री पॅकिंगला ती लावत आले. वर जर्मन रीतीने भाजलेली तांबडी पूड, आणि तिच्या खाली, कोणाला न दिसता, चिताऱ्याची लाख.

गाडी सुरू केली. तात्यांनी गडग्यावरून वाकून झाकणाच्या कडेवर बोट फिरवले, ते बघितले, आणि म्हणाले, "त्याल नाय गळाक."