पेशींचा टॉर्क रेंच: शरीराला जोर कसा कळतो?

मी चाकण एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर काम करतो. नट आवळताना सेट केलेला जोर पूर्ण झाला की टॉर्क रेंच 'टक्' करतो आणि आपण थांबतो. मागच्या पावसाळ्यात भोसरीजवळ माझी बाईक घसरली आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं तर हात पार काडीसारखा! जेवण तर नीट चालू होतं, मग हात का वाळला? उत्तर शोधताना कळलं, की पेशींमध्येही एक प्रकारचा टॉर्क रेंच असतो.

इंटेग्रिन म्हणजे काय?

हाडातल्या, स्नायूतल्या पेशी मोकळ्या तरंगत नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांच्या तंतूंची जाळी असते. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं इंटेग्रिन हे प्रथिन ही जाळी धरून ठेवतं. माणसात त्याचे २४ प्रकार आहेत.

मग जोर कोण मोजतं?

इंटेग्रिनच्या आतल्या टोकाला टॅलिन नावाचं लांब प्रथिन जोडलेलं असतं. त्याचं दुसरं टोक पेशीतल्या ॲक्टिनच्या दोऱ्यांना बांधलेलं. ओढ वाढली की टॅलिनच्या घड्या उलगडतात. त्यातली सर्वात नाजूक घडी साधारण ५ पिकोन्यूटनला उघडते. १ पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनाचा एक लाख कोटीवा भाग! घडी उघडली की आत लपलेल्या जागा मोकळ्या होतात. तिथे व्हिन्क्युलिन हे प्रथिन येऊन बसतं आणि आणखी दोरे पकडतं. रेंच म्हणतो 'बास', टॅलिन म्हणतं 'पकड वाढवा'. हाच संदेश पुढे पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो.

याचा पुरावा काय?

२००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एकाच प्रकारच्या मूळ पेशी कमी-जास्त कडक जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या, तर कडक जेलवर हाडांच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. त्या टीममधले शमिक सेन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले.

पकड सुटली तर?

पुण्यात पाषाणला आयसर ही संस्था आहे. तिथल्या नागराज बालसुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवलं, की पेशी पृष्ठभागावरून सुटली की तिच्यातलं गॉल्जी विस्कळीत होतं. गॉल्जी म्हणजे पेशीचा पॅकिंग-डिस्पॅच विभाग. पेशी पुन्हा चिकटली की तो परत जुळतो. बऱ्याच पेशी तर पकड सुटल्यावर मरतात. कॅन्सरच्या पेशी मात्र सुटूनही जगायला शिकतात, म्हणून त्या शरीरात पसरू शकतात.

माझ्या हाताचं काय झालं?

प्लास्टरमध्ये हातावर ताणच येत नव्हता. ताण नाही म्हणजे 'मजबूत राहा' हा संदेशही कमी. मग स्नायू नवी प्रथिनं कमी बनवतात आणि हाडही हळूहळू विरळ होतं. जेवणातून माल मिळतो, पण ऑर्डर ताणातून येते.

फिजिओने दिलेला स्पंजचा बॉल आधी मला पोरखेळ वाटला होता. आता रोज शिफ्ट सुटल्यावर दाबतो. तुमचंही प्लास्टर निघालं असेल तर व्यायाम टाळू नका. फक्त जोर किती लावायचा, ते डॉक्टर किंवा फिजिओला विचारूनच ठरवा.