चोको : बास्क प्रदेशातील सहभोजन मंडळे

स्पेनच्या उत्तरेस, बिस्केच्या उपसागराकाठी वसलेल्या बास्क प्रदेशात सभासदांनी स्वतः रांधून एकत्र जेवण्यासाठी चालविलेल्या खासगी मंडळांना ‘चोको’ म्हणतात. बास्क भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छोटा कोपरा’. एकोणिसाव्या शतकात सान सेबास्तियान शहरात ही प्रथा रुजली. तेथे १८७० साली स्थापन झालेले ‘उनियोन आर्तेसाना’ हे मंडळ आजही कार्यरत आहे. १९३४ सालचे ‘गास्तेलुबिदे’ हेही तेथील नामांकित मंडळ होय. २० जानेवारीला साजऱ्या होणाऱ्या तांबोरादा या ढोलांच्या उत्सवात अशा मंडळांचा पुढाकार असतो.

चोकोमध्ये स्वयंपाकघर सामाईक असते. तेल, मीठ, वाईन, कॉफी यांचा साठा मंडळ ठेवते. मासे, मांस व भाजी सभासद बाजारातून आणतो. जेवणानंतर त्याने वापरलेल्या जिन्नसांची नोंद स्वतःच करावयाची आणि तेवढे पैसे भरावयाचे. हिशेब तपासणारा कोणी समोर नसतो. परस्परविश्वास हाच या व्यवस्थेचा पाया आहे.

भोजनाचा क्रम सावकाश चालतो. आरंभी समुद्री पदार्थांबरोबर ‘चाकोली’ ही आंबटसर, किंचित फसफसणारी पांढरी वाईन देतात. खारवलेला सुका कॉड मासा ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवून भांडे सतत हलविले, की माशातील चिकट द्रव्य तेलात मिसळून दाट रस तयार होतो, हाच ‘पिल-पिल’. निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाबरोबर रिओहा आलावेसा भागातील तेम्प्रानियो द्राक्षांची लाल वाईन घेतात. त्यानंतर मेंढीच्या दुधाचे इदियासाबाल चीज, अक्रोड व क्विन्स फळाची घट्ट वडी येते. ही वडी गोव्यातील पेरूच्या पेरादाची आठवण करून देणारी असते. शेवटी कॉफी, रानफळे मुरवलेले ‘पाचारान’ हे मद्य आणि ‘मुस’ हा पत्त्यांचा डाव.

फ्रँकोच्या राजवटीत (१९३९ ते १९७५) सार्वजनिक जीवनात बास्क भाषेची गळचेपी झाली. अनेक मंडळांच्या नियमांतच राजकीय चर्चेस मनाई असल्याने त्यांना चालू राहता आले, आणि त्यांच्या बंद दारांआड बास्क बोलणे व गाणे टिकून राहिले. ज्या भाषेला चव्हाट्यावर स्थान नव्हते, तिला जेवणाच्या मेजाने आसरा दिला.

या आपुलकीला एक मर्यादाही होती. चोको प्रदीर्घ काळ केवळ पुरुषांचे होते. स्त्रियांना ठरावीक दिवशी पाहुण्या म्हणून प्रवेश मिळे. चुलीपाशी मात्र मज्जाव असे. घरोघरी रोजचा स्वयंपाक ज्यांच्यावर सोपविलेला, त्यांनाच येथे स्वयंपाकघर वर्ज्य होते. आज अनेक मंडळांनी स्त्रियांना सभासदत्व दिले आहे. काहींनी जुनाच नियम कायम ठेवला असून त्यावरचा वाद संपलेला नाही.

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ साली लगतच्या नवार प्रांतात जन्मले. बास्क हीच त्यांची मातृभाषा होती. त्यामुळे गोमंतकीयांना दूरच्या वाटणाऱ्या या भाषेशी गोव्याचे जुने नाते आहे.