चित्रकथीची पोथी आणि जमातीचा दाखला

मी रत्नागिरीच्या मांडवीत राहतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव आमच्याच जिल्ह्यात मोडत असे. तरीही रत्नागिरीच्या शाळांतून शिकलेल्या माझ्या पिढीला पिंगुळीची चित्रे कोणी दाखवली नाहीत. टिळकांचे जन्मस्थान, थिबा राजाचा वाडा, केशवसुतांचे मालगुंड, सावरकरांची स्थानबद्धता हा आम्हांला शिकवलेला जिल्ह्याचा इतिहास. ज्या ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कागदावर चित्रे काढली आणि गावोगाव फिरून ती दाखवली, त्याला या इतिहासात पान नव्हते. पुढे शिक्षक झाल्यावर मी वर्गात विचारून पाहिले. वारली चित्र कोणी पाहिले आहे, या प्रश्नावर सगळे हात वर आले. चित्रकथी हा शब्द एकालाही ठाऊक नव्हता. हे अज्ञान मुलांचे नव्हे. कोणाची कला नोंदवायची आणि कोणाला नुसते भिक्षेकरी म्हणून वगळायचे, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचे ते फळ आहे. म्हणून चित्रांविषयी बोलताना ती काढणाऱ्या माणसांच्या कागदपत्रांविषयीही बोलणे मला आवश्यक वाटते.

प्रथम ही कला काय आहे ते पाहू. चित्रकथीचे चित्र आकाराने लहान, साधारण हातभर लांबीच्या कागदावरचे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवली की एक पान होते. अशा पानांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात आणि एका पोथीत एक आख्यान असते. रंग घरीच तयार होत: काव, काजळी, वनस्पतींचे रस आणि त्यांना धरून ठेवायला डिंक. माणसांचे चेहरे बहुधा एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, रेषा ठसठशीत. देव, राक्षस आणि योद्धे समोरासमोर उभे असतात. मागे डोंगर, घर किंवा आकाश यांचा पसारा फारसा नसतो. कारण हे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नाही. नवरात्रात किंवा जत्रेच्या दिवसांत देवळात दिव्याच्या उजेडात बसलेल्या माणसांना ते लांबून दिसले पाहिजे. कथेकरी पान उभे धरतो, आख्यान गातो, मध्येच गद्यात संवाद बोलतो; साथीला वीणा, टाळ आणि हुडूक असतात. प्रसंग संपला की पान उलटते.

आख्याने रामायण-महाभारतातली असली तरी ती वाल्मीकी-व्यासांची हुबेहूब नाहीत. श्रीधराचे ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ त्यांच्या मागे आहेत आणि लोकांच्या तोंडी असलेल्या अद्भुत कथाही आहेत. राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेणारे अहिरावण-महिरावण, खुद्द बापाशी लढणारा बभ्रुवाहन, आकाशातून मायावी युद्ध करणारा इंद्रजित यांत चित्रकाराची कल्पना मोकळी सुटते. याच समाजाने कळसूत्री बाहुल्या नाचवल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ केला, पहाटे पांगुळ होऊन दारोदार गाणी म्हटली.

चित्र दाखवून कथा सांगणारा माणूस भारतात फार जुना आहे. पाली वाङ्मयात, संयुत्त निकायात, भगवान बुद्ध भिक्खूंना ‘चरण’ नावाच्या चित्राचा दाखला देतात. ते चित्र चित्तानेच रचलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही विविध आहे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हे चित्र गावोगाव हिंडवून दाखवण्याचे होते, असे अट्ठकथा सांगते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही चित्रकथकाचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे हा माणूस ग्रंथकारांच्या नजरेसमोर आहे. परंतु त्याचे नाव कोणी लिहिलेले नाही. त्यानेही ते लिहिले नाही. पोथीच्या पानावर सही करण्याची रीत नव्हती. जीर्ण झालेली पोथी पूजा करून पाण्यात सोडत, असे सांगतात. ज्या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कागद होता, त्याच्याजवळ स्वतःचे नाव असलेला कागद मात्र उरला नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पिंगुळीच्या चित्रकथीला सावंतवाडीच्या सावंत-भोसले संस्थानचा आश्रय होता, असे नेहमी लिहिले जाते. ते खरे आहे. पण आश्रय या शब्दाची उकल करून पाहिली पाहिजे. कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावच्या देवळात कथा सांगावी, हे ठरलेले असे. त्याबद्दल धान्य, जुने कपडे, थोडे पैसे मिळत. ही बांधलेली भिक्षा होय. तीत आदर असेल, पण जमीन नव्हती आणि नकार देण्याची मोकळीक नव्हती. हे कलावंत शिवकाळात हेर म्हणून हिंडत, अशीही एक आख्यायिका सांगितली जाते. तिचा पुरावा मी पाहिलेला नाही. परंतु ती सांगावीशी का वाटते, हे समजते. चित्र काढणे आणि कथा सांगणे एवढ्यावर प्रतिष्ठा मिळत नसेल, तर माणूस राजकार्याचा आधार शोधतो. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आश्रय गेला, पुढे सिनेमाने आणि दूरदर्शनने रात्रीचे श्रोतेही नेले.

त्याच सावंतवाडीत लहान चित्रांची आणखी एक परंपरा आहे, ती गंजिफाची. गोल पत्त्यांवर दशावतार रंगवायचे. दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते. ही कला चितारी समाजाची. तीही मरणपंथाला लागली होती. १९७१ च्या सुमारास शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच तिला पुन्हा उभे केले. ते काम मोलाचे आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण शेजारचे दृश्यही पाहा. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात २००६ साली ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. जुन्या पोथ्या आणि बाहुल्या जपल्या, मुलांना शिकवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका कलेला राजवाड्याचा दरबार मिळाला, दुसरीला गोठा झाडून जागा करावी लागली. दोहोंतले अंतर मोटारीने फार नाही. समाजरचनेत मात्र ते फार मोठे आहे.

नावाचीही हीच गत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या जातीच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. ती पैठणच्या बाजूने मिळाली म्हणून ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. पिंगुळीच्या चित्रांवर व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन या जर्मन विदुषीचा निबंध १९८४ साली ‘आर्टिबस एशिआए’ या नियतकालिकात आला. चित्रे अभ्यासली गेली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु जिथे सापडली त्या गावाचे नाव चित्राला लागते आणि ज्या हाताने काढली तो अनामिक राहतो, यात काही खटकते की नाही?

आता कागदपत्रांकडे वळतो. अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या यादीत ठाकूर-ठाकर ही नोंद अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांतील ठराविक तालुक्यांपुरतीच होती. रत्नागिरी जिल्हा तीत नव्हता. म्हणजे सरकारच्या लेखी कर्जतचा ठाकर आदिवासी, कुडाळचा ठाकर नव्हे! १९७६ च्या १०८ क्रमांकाच्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. २७ जुलै १९७७ पासून तो अमलात आला. पण दाखला मिळणे एक आणि तो वैध ठरणे दुसरे. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यानंतर पडताळणी समित्या आल्या आणि आप्तभावाची कसोटी आली. अर्जदाराचे देव कोणते, लग्नाच्या चाली कोणत्या, मृताचे विधी कोणते, हे विचारून त्याचे जमातीशी नाते मोजायचे. या कसोटीच्या मुळाशी एक कल्पना आहे: आदिवासी म्हणजे न बदलणारा, डोंगरातला, आदिम माणूस. शतकानुशतके गावात वावरून श्रीधराची आख्याने गाणारा चित्रकार या साच्यात बसायचा कसा?

२४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आप्तभावाची कसोटी निर्णायक मानता येणार नाही. स्थलांतर, शिक्षण आणि आधुनिकता यांनी चालीरीती बदलतात, हेही मान्य केले. स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना सर्वांत अधिक पुरावामूल्य आहे, असाही दंडक आहे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण मघाचा मुद्दा येथे पुन्हा समोर येतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळा नव्हती, सातबारा नव्हता, ज्यांची पोथीसुद्धा बिनसहीची आणि शेवटी पाण्यात सोडलेली, त्यांनी स्वातंत्र्यपूर्व कागद आणायचा कोठून? संग्रहालयाच्या कपाटात त्यांच्या पूर्वजांचे चित्र पुरावस्तू म्हणून सुरक्षित असेल, पण त्यावर नाव नसल्याने नातवाला त्याचा उपयोग नाही.

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, या पुराणचित्रांशी आपले काय देणे-घेणे? ज्या कथांनी आम्हांला खाली ठेवले, त्या रंगवणारी कला बुडाली तर बुडू दे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. मेलेली गुरे ओढणे आणि येसकरकी आपण सोडली ती विचार करूनच. परंपरेच्या नावाखाली भिक्षा पुन्हा कोणाच्या माथी मारायची नाही. परंतु आशय, भिक्षा आणि कौशल्य या ३ वेगळ्या गोष्टी आहेत. सत्यशोधक जलशाने तमाशाचा बाज घेतला आणि त्यात नवा विचार भरला; भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. ढोलकी त्यांनी टाकून दिली नाही. एक पान, एक प्रसंग, एक गाणे ही चित्रकथीची रीत तशीच मोकळी आहे. २० मार्च १९२७ चे चवदार तळे अशा पोथीत का येऊ नये? मात्र ती पोथी ठाकर चित्रकारानेच, पुरते मानधन घेऊन, खाली सही करून काढावी.

माझ्या मागण्या साध्या आहेत. संग्रहालयांनी या चित्रांखाली समाजाचे नाव लिहावे आणि आज काढणाऱ्या प्रत्येकाचे व्यक्तिनामही नोंदवावे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शाळांत चित्रकथी स्थानिक इतिहास म्हणून शिकवली जावी. संशोधक विद्यार्थ्यांनी पिंगुळीला चित्रांचे फोटो काढायला जावे, तसे वृद्धांकडून वंशावळी, वाटून दिलेल्या गावांच्या आठवणी आणि जुन्या देवस्थानांच्या हिशेबांतील उल्लेख गोळा करायलाही जावे. जुन्या दप्तरातली एखादी ओळ कोणाच्या तरी मुलीच्या प्रवेशाचा आधार ठरू शकते. चित्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एवढे काम अंगावर घेतले पाहिजे.