एका आज्ञेत शेकडो फाइली

संकेतस्थळावरून एखादी फाइल संगणकावर उतरवून घेणे हे माउसच्या एका टिचकीचे काम आहे. फाइली शेकडो असल्या, की मात्र हेच काम दिवसभराचे होऊन बसते. मध्येच जोडणी तुटली, तर कोणती फाइल पूर्ण आली आणि कोणती अर्धवट राहिली, याचा हिशेब लागत नाही. अशा वेळी ब्राउझर बाजूला ठेवून कमांड लाइनवर आज्ञा टंकित करणे सोयीचे ठरते. 'डब्ल्यूगेट' हे त्यासाठीचे जुने आणि विश्वासाचे साधन.

क्रोएशियाचे ह्र्वोये निकशिच यांनी लिहिलेली ही प्रणाली 1996 मध्ये या नावाने प्रसिद्ध झाली. ती ग्नू प्रकल्पाचा भाग असून विनामूल्य आहे. लिनक्सवर ती सहसा उपलब्ध असते. विंडोज आणि मॅकवर वेगळी बसवावी लागते.

वापराची रीत सोपी आहे. हव्या असलेल्या फाइलींचे पत्ते, एका ओळीत एक याप्रमाणे, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावेत. मग डब्ल्यूगेट हा शब्द, वजाचिन्हासह 'आय' हे अक्षर आणि त्या यादीचे नाव एवढे टंकित केले, की फाइली एकामागून एक उतरू लागतात. 'सी' हा पर्याय जोडल्यास अर्धवट राहिलेली फाइल थांबली तेथूनच पुढे सुरू होते. अर्थात समोरच्या सर्व्हरने तशी सोय दिलेली असावी लागते. जोडणी तुटल्यास ही प्रणाली स्वतःहून 20 वेळा प्रयत्न करते. 'आर' हा पर्याय पानावरील दुव्यांचा माग काढत जातो. त्याची खोली मुळात पाच पातळ्यांची असते. ती 'एल' या पर्यायाने कमी-जास्त करता येते.

या सोयीबरोबर जबाबदारीही येते. अखंड मागण्यांनी सर्व्हरवर ताण पडतो आणि इतर वाचकांची गैरसोय होते. म्हणून 'डब्ल्यू' या पर्यायाने दोन मागण्यांमध्ये काही सेकंदांची विश्रांती ठेवावी. विनामूल्य पुस्तकांचा 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' अशा वापरकर्त्यांना दोन सेकंद थांबण्याची सूचना देतो. संकेतस्थळाच्या अटी वाचणे तर त्याहून महत्त्वाचे. अमेरिकेत आरन स्वार्ट्झ यांनी 'जेस्टोर' या संग्रहातील लाखो शोधनिबंध स्वयंचलित पद्धतीने उतरवले. त्याबद्दल 2011 मध्ये त्यांच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. खटला उभा राहण्यापूर्वीच, जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी त्यांनी जीवन संपवले.

याच तंत्राची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. वैयक्तिक पानांना फुकट जागा देणारी 'जिओसिटीज' ही सेवा याहूने ऑक्टोबर 2009 मध्ये अमेरिकेत बंद केली. हौशी लोकांनी वर्षानुवर्षे सजवलेली असंख्य पाने त्यामुळे कायमची पुसली जाणार होती. 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने सेवा बंद होण्याआधी त्यांतील मोठा भाग उतरवून घेतला आणि पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, तो सर्वांसाठी खुला केला. इंटरनेटवरचा मजकूर आज आहे म्हणून उद्याही असेलच, असे नाही. आपल्या हक्काचा आणि मोलाचा मजकूर वेळीच स्वतःजवळ उतरवून ठेवलेला बरा.