कुठलं वडगाव?

सरकारी डेटा खुला करायचा म्हणजे एक फाइल साइटवर टाकली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मंडळी, डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, खरी गंमत 'पत्ता' नावाच्या कॉलममध्ये असते! त्यावरूनच ही २०१२ सालची गोष्ट.

युएसएड म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकन सरकारची संस्था. तिचा एक विभाग विकसनशील देशांतल्या बँकांना कर्जहमी द्यायचा. बँकेने छोट्या उद्योजकाला कर्ज द्यायचं, ते बुडलंच तर साधारण निम्मा तोटा अमेरिकेने सोसायचा. अशा कर्जांच्या सुमारे १,१७,००० नोंदी साठल्या होत्या. पैसा नेमका कुठे गेला ते नकाशावर दाखवायचं ठरलं आणि गाडी अडली. पत्ते ज्याने त्याने जमेल तसे भरलेले. आता 'वडगाव' एवढंच लिहिलं तर प्रोग्रॅमने काय समजावं? वडगाव मावळ, वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक?

बहुतेक नोंदी प्रोग्रॅमने हाताळल्या. उरलेल्या सुमारे १०,००० माणसांकडे द्यायच्या ठरल्या. पण सरकारी खात्याने फुकट सेवा घेऊ नये, असा अमेरिकेत जुना कायदा आहे. मोबदला मिळणार नाही हे आधीच स्पष्ट असेल तर चालेल, असा मार्ग वकिलांनी काढला. कर्जदारांची खाजगी माहितीही आधी काढून टाकली.

१ जून २०१२ ला, शुक्रवारी काम सुरू झालं. स्टँडबाय टास्क फोर्स आणि जीआयएसकॉर्प्स या संस्थांचे स्वयंसेवक ठिकठिकाणांहून कामाला लागले. अंदाज होता ६० तासांचा, काम संपलं १६ तासांत! नंतर तपासलं तेव्हा प्रोग्रॅमची अचूकता ६४ टक्के निघाली, माणसांची ८५. पोटापाण्यासाठी कोड लिहिणाऱ्या मला हा आकडा जरा झोंबतोच, पण पटतोही. शेजारचा कॉलम वाचून, नकाशा चाळून, 'हे तेच गाव असणार' हे माणसाला कळतं.

पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२५ मध्ये युएसएडची वेबसाइट बंद झाली आणि १ जुलै २०२५ पासून संस्थेचं कामच थांबलं. म्हणून मला वाटतं, माहिती खुली करायची ती ऑफिस चालू असतानाच. एकदा कुलूप लागलं की ज्याच्या प्रती आधीच बाहेर गेल्या, तेवढंच लोकांचं. बाकीचं कपाटात.

आपल्याकडची किती कपाटं उघडायची राहिलीत, ते तुम्हीच मोजा.