उसन्या साडीतली जगत्सुंदरी

सौंदर्यस्पर्धा हा विषय आपल्या घरांत निघाला की बहुधा लवकर संपतो. थोरली मंडळी 'हे आपल्या मुलींचे क्षेत्र नव्हे' असे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटतात, आणि पान उलटण्यापूर्वी मुली छायाचित्र पाहून घेतात. आम्हीही बराच काळ थोरल्यांच्याच पंगतीला होतो. परंतु 'भारतसुंदरी' या स्पर्धेचा पूर्वेतिहास चाळताना आमचा हा पक्का समज थोडा सैल झाला. या इतिहासात दोन मुली मोक्याच्या जागी उभ्या आहेत. एक कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली अमेरिकन, दुसरी मुंबईत वाढलेल्या गोमंतकीय कॅथॉलिक कुटुंबातली. पहिलीने नाही म्हटले आणि त्यातून एक नवी जागतिक स्पर्धा जन्माला आली. दुसरीने जगातला मोठा मुकुट जिंकला आणि वर्षभराने त्याकडे पाठ फिरवली.

पहिलीची हकीकत थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी १९२१ मध्ये 'मिस अमेरिका' स्पर्धेचा आरंभ झाला. त्यामागे सौंदर्यपूजा वगैरे काही नव्हते. उन्हाळी सुट्टी संपली की गाव ओस पडे, पर्यटकांनी आणखी काही दिवस मुक्काम ठोकावा एवढीच हॉटेलवाल्यांची मनीषा! पुढे गायन, नृत्य, वादन अशा कलागुणांची परीक्षा आली आणि १९४५ पासून विजेतीला महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळू लागली. पोहण्याच्या पोशाखातील फेरी मात्र टिकून राहिली, कारण पोशाख बनवणारी कॅटालिना कंपनी स्पर्धेला पैसा पुरवीत असे. सप्टेंबर १९५० मध्ये अलाबामा राज्यातील योलांद बेटबीझ हिला १९५१ सालाचा मुकुट मिळाला. ती ऑपेरा गाणारी मुलगी. वर्षभर गावोगावी पोहण्याच्या पोशाखात मिरवण्यास तिने साफ नकार दिला. कंपनी रागावली, स्पर्धेतून बाहेर पडली आणि १९५२ मध्ये तिने स्वतःची 'मिस युनिव्हर्स' स्पर्धा कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे उभी केली. एका मुलीच्या संकोचातून म्हणा किंवा स्वाभिमानातून म्हणा, जगभरच्या मुलींना पोहण्याच्या पोशाखात उभे करणारी नवी स्पर्धा निघावी, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे.

त्या पहिल्याच 'मिस युनिव्हर्स'साठी भारतातून इंद्राणी रहमान गेल्या होत्या. त्या शास्त्रीय नृत्यात पारंगत होत्या आणि विवाहितही होत्या. पुढे स्पर्धकाने अविवाहित असलेच पाहिजे असा दंडक आला. आरंभी तो इतका कडक नव्हता. त्याही आधी, स्वातंत्र्याच्याच वर्षी म्हणजे १९४७ मध्ये, 'मिस इंडिया' हा किताब चित्रपटतारका प्रमिला यांना मिळाला होता. त्यांचे खरे नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. त्या कोलकात्याच्या ज्यू कुटुंबातल्या. त्यांची मुलगी नकी जहान हिनेही १९६७ मध्ये हा मान मिळवला. आई आणि मुलगी दोघी भारतसुंदरी!

पन्नास आणि साठच्या दशकांत ही स्पर्धा मुंबईतील स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांच्या हाती होती. 'इव्ह्ज वीकली' एक स्पर्धा घेई, तर 'फेमिना'ने १९६४ पासून आपली वेगळी स्पर्धा सुरू केली; पहिली फेमिना मिस इंडिया मेहेर मिस्त्री, पुढच्या मेहेर कॅस्टेलिनो. त्यामुळे एकाच वर्षी देशात दोन 'मिस इंडिया' असत. 'इव्ह्ज वीकली'ची विजेती लंडनच्या 'मिस वर्ल्ड'ला जाई, तर 'फेमिना'ची 'मिस युनिव्हर्स'ला. मराठी वृत्तपत्रांनी पहिलीला जगत्सुंदरी आणि दुसरीला विश्वसुंदरी म्हणावे, तर कधी नेमके उलट लिहावे, असा गोंधळ आजही चालू आहे. आम्ही येथे 'मिस वर्ल्ड'ला जगत्सुंदरी म्हणतो.

'मिस वर्ल्ड'चा जन्म १९५१ चा. एरिक मॉर्ली या गृहस्थांनी लंडनमधील एका उत्सवानिमित्त ती भरवली. पहिल्या विजेतीने बिकिनी घालून मुकुट स्वीकारला, त्यावरून गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षीपासून अधिक अंग झाकणारा पोशाख आला. म्हणजे 'कपडे किती असावेत' हा वाद स्पर्धेइतकाच जुना आहे. आपल्याकडच्या थोरल्यांनी तो नव्याने काढलेला नाही.

आता १९६६ साल. रीटा फारिया ही तेवीस वर्षांची मुलगी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकीचे शिक्षण घेत होती. आईवडील मूळचे गोव्याचे. पाच फूट आठ इंच उंची. त्या काळी मुलींना ही उंची अडचणीचीच वाटे, लग्नाच्या बाजारात तर फारच. या उंचीनेच तिला स्पर्धेच्या वाटेवर आणले. 'इव्ह्ज वीकली'ची मिस बॉम्बे स्पर्धा तिने जिंकली, मग मिस इंडिया, आणि मग लंडनचे तिकीट हाती पडले.

आजच्या भाषेत 'तयारी' म्हणतात तशी तिची काहीच नव्हती. ना चालण्याचे शिक्षण, ना बोलण्याचे. परकीय चलनाचे निर्बंध इतके कडक होते की ती निघाली तेव्हा खिशात अवघे तीन पौंड होते. साडी उसनी. पोहण्याचा पोशाख आदल्या वर्षीची फेमिना मिस इंडिया पर्सिस खंबाटा हिच्याकडून घेतलेला, तो रीटाच्या उंचीला पुरेना. लंडनला पोहोचल्यावर त्या तुटपुंज्या पैशांतून दुसरा घ्यावा लागला. या आठवणी तिने स्वतःच नंतर हसत हसत सांगितल्या आहेत. आपल्या घरांतून नातलगाच्या लग्नाला निघालेली मुलगी जशी शेजारणीकडून बांगड्या आणि मावशीकडून साडी घेते, तशीच ही मुलगी जगाच्या स्पर्धेला निघाली होती.

१७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये एक्कावन्न देशांच्या मुली रंगमंचावर आल्या. स्पर्धेची रीत साधारण अशी: प्रथम सर्वजणी एकामागून एक येऊन जातात, परीक्षक गुण मांडतात, त्यातून थोड्या निवडल्या जातात, त्यांतून आणखी थोड्या. संध्याकाळच्या पोशाखाची फेरी, पोहण्याच्या पोशाखाची फेरी, आणि उरलेल्या मोजक्या मुलींशी प्रश्नोत्तरे. रीटाने साडी नेसूनच संध्याकाळच्या पोशाखाचे बक्षीस घेतले आणि पोहण्याच्या पोशाखाचेही घेतले. त्यानंतर तिला विचारण्यात आले की, डॉक्टर का व्हायचे आहे? भारताला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांची फार गरज आहे, असे तिने सांगितले. भारतात मुले आधीच पुष्कळ नाहीत काय, असा खोचक प्रतिप्रश्न आला, तेव्हा तेच तर कमी करायचे आहे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले, अशी हकीकत सांगतात. सभागृहात हशा पिकला असणार. पण त्या हशामागे गरीब देशाकडे पाहण्याची एक नजर होती, आणि बॉलरूममध्ये उभी असलेली ही विद्यार्थिनी त्या नजरेला खाली पाहायला लावून गेली. मुकुट तिलाच मिळाला. जगत्सुंदरी झालेली ती आशियातील पहिली स्त्री.

खरी परीक्षा मुकुटानंतर सुरू झाली. विजेतीला वर्षभर आयोजकांच्या करारानुसार वागावे लागे. त्या वर्षीच्या नाताळात अमेरिकन विनोदी नट बॉब होप व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी निघाले होते, आणि त्यांच्या ताफ्यात जगत्सुंदरीने जावे असे ठरले. व्हिएतनाम युद्धाबाबत भारताची भूमिका वेगळी होती. सरकारला हा दौरा रुचला नाही आणि देशात टीका झाली. तेवीस वर्षांच्या मुलीपुढे एकीकडे करार आणि दुसरीकडे देशाचा रोष असा पेच होता. ती गेली. ती चुकली की बरोबर वागली, यावर आजही मतभेद होतील. आम्हांला वाटते, त्या वयात एकट्या मुलीवर हा भार टाकणाऱ्या व्यवस्थेलाच अधिक दोष द्यावा. मुकुट घालणारे हात किती लगेच तो माथा वाकवू पाहतात, हे या प्रसंगात दिसते.

येथवर आम्ही मुलगी म्हणून एकेरी लिहीत आलो. यापुढे तसे लिहिणे प्रशस्त नाही. वर्ष संपले आणि चित्रपट, जाहिराती, मॉडेलिंग हे सारे बाजूला सारून रीटा फारिया यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये आपले वैद्यकीय शिक्षण पुढे चालू ठेवले. १९७१ मध्ये त्यांनी डेव्हिड पॉवेल या डॉक्टरांशी विवाह केला आणि १९७३ पासून त्या आयर्लंडच्या डब्लिन शहरी स्थायिक झाल्या. गंमत अशी की, त्याच १९६६ सालची दुसरी भारतसुंदरी, 'फेमिना'ची यास्मिन दाजी, 'मिस युनिव्हर्स'मध्ये तिसरी उपविजेती ठरली आणि तीही पुढे डॉक्टर झाली. एका वर्षी देशाने दोन सुंदऱ्या निवडल्या आणि दोन डॉक्टर मिळवले!

बॉब होप यांचे नाव या इतिहासात पुन्हा येते. नोव्हेंबर १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जगत्सुंदरी स्पर्धा चालू असताना ते रंगमंचावर होते. स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी प्रेक्षकांतून पिठाच्या पुड्या फेकल्या, शिट्ट्या वाजवल्या, आणि होपसाहेबांना काही वेळ विंगेत पळावे लागले. गुरांच्या बाजारासारखी मुलींची पारख करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या थोरल्या मंडळींचे आणि या बंडखोर तरुणींचे एकाच मुद्द्यावर एकमत व्हावे, हे दोघांपैकी कोणालाच आवडले नसते.

आपल्याकडे हा वाद पेटला तो १९९६ मध्ये, बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा. संस्कृतिरक्षक आणि स्त्रीसंघटना दोन्ही बाजूंनी रस्त्यावर उतरल्या. मदुराईत एका तरुणाने निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर नेऊन उरकण्यात आली. एका स्पर्धेपायी एका घरातला मुलगा गेला, हे मात्र त्या झगमगाटाच्या बातम्यांत लवकरच विरून गेले.

तोवर भारतसुंदरी स्पर्धेचे रूप पार पालटले होते. त्याला कारण झाले १९९४ साल. अंतिम फेरीत सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण अगदी समसमान पडले, दशांशापर्यंत. तेव्हा एकेक जादा प्रश्न विचारून निकाल लावण्यात आला. सुष्मिताला देशाच्या वस्त्रपरंपरेविषयी विचारले गेले आणि तिने आपले उत्तर गांधीजींच्या खादीपासून सुरू केले. मुकुट तिचा झाला. तिने त्या रात्री घातलेला झगा दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातल्या कापडाचा, घराजवळच्या साध्या शिंप्याने शिवलेला, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे केलेले होते, असे तिने पुढे सांगितले. उसन्या साडीचीच ही बहीण. त्याच वर्षी सुष्मिताने मनिला येथे 'मिस युनिव्हर्स' आणि ऐश्वर्याने 'मिस वर्ल्ड' जिंकली. मग मात्र शिंपी मागे पडला. निवडलेल्या मुलींना मुंबईत आणून चालणे, बोलणे, आहार, त्वचा, दात, केस या प्रत्येकाचा तज्ज्ञ नेमून घडवले जाऊ लागले. १९९७ मध्ये हैदराबादच्या डायना हेडन जगत्सुंदरी झाल्या. २००० मध्ये लारा दत्ता, प्रियांका चोप्रा आणि दिया मिर्झा अशा तिघी तीन जागतिक किताब घेऊन आल्या. २०१७ पासून 'फेमिना'ने राज्याराज्यातून एकेक प्रतिनिधी निवडण्याची रीत आणली, आणि त्याच वर्षी हरियाणाची मानुषी छिल्लर आधी भारतसुंदरी, मग जगत्सुंदरी झाली. तीही वैद्यकीय विद्यार्थिनीच.

मानुषीला अंतिम प्रश्न होता की, सर्वाधिक पगार कोणत्या व्यवसायाला मिळावा. तिने आईचे नाव घेतले. सुष्मितानेही मनिलात स्त्रीत्वाविषयी बोलताना मातृत्वाचाच उल्लेख केला होता. आई हे उत्तर परीक्षकांना आवडते, आम्हांलाही आवडते. पण १९६६ च्या त्या मुलीने उत्तरात आईपण सांगितले नाही. आयांना सुखरूप ठेवणारे काम आपण करणार आहोत असे सांगितले. 'मिस वर्ल्ड'ने पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केली ती २०१४ च्या अखेरीस घोषणा करून, आणि 'मिस अमेरिका'ने २०१८ मध्ये. योलांद बेटबीझ २०१६ मध्ये वारल्या. आपल्या नकाराला स्वतःच्याच स्पर्धेने दिलेला होकार त्यांना पाहायला मिळाला नाही.